साखराबाईच्या नावापुढची ओळ

नेकनूरपासून कोसभर आत एक वाडी आहे. तिथल्या साखराबाईकडे तीन एकर कोरडवाहू रान, पंचवीस मेंढरं, एक आंधळा नवरा आणि एक जीभ एवढीच इस्टेट होती. पैकी जिभेला सगळी वाडी वचकून असायची. पन्नाशी ओलांडलेली ही धनगराची बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून बोलायला उभी राहिली की ग्रामसेवकसुद्धा सायकलवरून उतरून बाजूनं जायचा. उगाच कुणाच्या वाटेला जाणारी ती नव्हती. पण खोटं दिसलं की तिला गप्प बसणं जमायचं नाही, आणि वाडीत खोट्याला काही तोटा नव्हता.

नवरा बंकट आधीपासून आंधळा नव्हता. भूकंपाच्या सालची गोष्ट. पोळ्याच्या पुढं वाडीतल्या बद्रीनाथच्या वीस एकर कपाशीवर अळी पडली आणि बंकट त्याच्याकडे रोजानं फवारायला गेला. पाठीवर पंप, अंगात काही नाही, तोंडाला एक ओलं उपरणं. दुपारी वारा उलटा फिरला आणि सगळी धार त्याच्याच अंगावर यायला लागली. बांधावर छत्री धरून उभा असलेला बद्रीनाथ म्हणत होता, "दोनच पंप ऱ्हायले बे, उरकून घे." दुसरा पंप संपायच्या आत बंकट सरीत आडवा झाला. बीडच्या दवाखान्यात सोळा दिवस काढून परत आला तो असा, की डोळ्यांना फक्त उजेड आणि अंधार कळायचा, आणि हात असे थरथरायचे की पाण्याचा तांब्या ओठाला लागेपर्यंत अर्धा अंगावर सांडायचा. बद्रीनाथ भेटायला आला होता. मोठ्या मनानं चार मोसंब्या घेऊन आला होता.

त्या दिवसापासून साखराबाईनं आपल्या रानात औषधाचा थेंब पडू दिला नाही. निंबोळ्या कुटून त्यांचं पाणी शिंपडायची, अळ्या हातानं वेचायची, आणि खताला आपलीच मेंढरं रानात बसवायची. कापूस निघायचा शेजारच्यांच्या निम्मा. बद्रीनाथ पारावर बसून म्हणायचा, "साखरावैनीला भिकेचे डोहाळे लागलेत." ती म्हणायची, "लागू द्या. डोळे तरी शाबूत ऱ्हातेत." अशी आठ वर्षं गेली.

मग दोन हजार एक साल उजाडलं. मांजरसुंब्याच्या धाब्यांवर बाटलीतलं पाणी विकायला लागलेले ते दिवस. पाणी विकत घेणारी माणसं निघाली म्हटल्यावर जगाला कधी काय घ्यावंसं वाटेल याचा नेम राहिला नव्हता. एके दिवशी वाडीत पुण्याच्या एका कापड कंपनीची जीप आली, आणि कळलं की परदेशातल्या लोकांना आता बिनविषाच्या कापसाचे कपडे घालायचे आहेत.

जीपमधून प्रणिता नावाची पोरगी उतरली. पंचविशीची, खांद्याला झोळी, बोलायला गोड. बद्रीनाथच्या ओसरीवर सगळी वाडी जमली. आता बिनविषाच्या कापसाची सभा बद्रीनाथच्याच ओसरीवर का, असं कुणी विचारलं नाही. गावात काहीही नवं आलं की आधी त्याच्याच ओसरीवर उतरतं, मग ते पुढारी असो की पुण्य.

प्रणितानं झोळीतून एक इवलंसं झबलं काढलं. त्याला तीन कागदी चिठ्ठ्या लटकत होत्या. तिनं एकेक उलगडून सांगितली. पहिली चिठ्ठी म्हणजे, हा कापूस पिकवताना रानात तीन वर्षं रासायनिक खत आणि औषध पडलेलं नाही. दुसरी म्हणजे, कापड रंगवताना अंगाला अपाय होईल असा रंग वापरलेला नाही. तिसरी म्हणजे, रानापासून शिलाईपर्यंत कुणा मजुराला पिळलेलं नाही, लहान पोरांना राबवलेलं नाही. कंपनीनं नुसतं म्हणून चालत नाही. बाहेरचा तपासनीस येतो, रान बघतो, घर बघतो, वह्या बघतो, आणि मगच सर्टिफिकेट मिळतं. सरकी काढायला जिनिंगला गेल्यावरही कापूस वेगळा ठेवायचा, दुसऱ्यात मिसळू द्यायचा नाही.

साखराबाईनं झबलं हातात घेतलं, चिठ्ठ्या उलट्यासुलट्या केल्या.

"पोरी, एक सांग. ज्यो इख फवारतो, त्याच्या कापडाला कसली चिठ्ठी असती?"

"त्याला नसते, मावशी."

"म्हंजी इख मारणाऱ्याला कुणी इचारीत न्हाई, अन् न मारणाऱ्यानं कागद दावायचा? कावून?"

ओसरीवर हशा पिकला. प्रणिताही हसली. ती म्हणाली, "मावशी, घेणाऱ्याला विश्वास कसा बसायचा?"

ते मात्र साखराबाईला पटलं. ती घरी आली आणि बंकटला म्हणाली, "आपल्या रानात इख न्हाई, ह्ये आता सरकारी कागदावर येणार हाय." सरकारी नव्हता तो कागद, पण तिच्या लेखी शिक्का असला की सरकारीच. बंकट नुसता हसला. आठ वर्षांत तो असा हसलेला तिला आठवत नव्हता. या हसण्यासाठीच तिनं गटात नाव घातलं.

एकतीस जणांचा गट झाला आणि गटप्रमुख अर्थातच बद्रीनाथ. तीन वर्षांच्या नोंदी लागणार होत्या. त्या त्यानं एका दुपारी, एकाच पेनानं, एका बैठकीत लिहून काढल्या. निंबोळी अर्काच्या पावत्यासुद्धा त्यानं बीडहून जमवून आणल्या. साखराबाईकडे एकही पावती निघेना. निंबोळ्या झाडाखालच्या, खत मेंढरांचं, पावती कोण देणार? बद्रीनाथ तिला समजावणीच्या सुरात म्हणाला, "वैनी, पुरावा नसंल तर तुमी काय केलं न्हाई असं धरतेत." काही न करण्याचाच पुरावा द्यायचा होता आणि तो नेमका, जो सगळं करत आला होता, त्याच्याच कपाटात होता.

राहता राहिले त्याच्या गोठ्यामागचे डबे. दरसालचे, कपाशीच्या औषधाचे लिटर-लिटरचे पत्र्याचे रिकामे डबे, त्यांच्यावर लाल तिकोण आणि कवटी. पन्नासेक तरी असतील. तपासनीस यायच्या आठ दिवस आधी बद्रीनाथला एकाएकी दानधर्म सुचला. त्यानं गड्याकडून डब्यांची तोंडं कापून घेतली, कडा ठोकून घेतल्या, आणि खालच्या आळीत घरोघर वाटले. "परसाकडला न्यायला बरे पडतेत," असं म्हणाला. आणि खरंच बरे पडत. आमच्याकडे टमरेल म्हणून असा डबा कुणी टाकून देत नाही, धुवून वापरतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. साखराबाईनंही एक घेतला. राखेनं सात वेळा घासला आणि दाराबाहेर भिंतीला लावून ठेवला. फुकटचा म्हणून नव्हे. तिचा जुना डबा तळाशी गळत होता.

तपासनीस आले ते केदारनाथ नावाचे. गळ्यात चष्म्याची दोरी, हातात चौदा पानांचा फॉर्म. सगळी घरं बघायला वेळ नव्हता म्हणून एकतिसातली चार निवडली, त्यात साखराबाईचं आलं. तिनं रान दाखवलं, पांढरंशुभ्र. केदारनाथनी विचारलं, "मेंढ्या काय खातात?"

"दिसंल त्ये."

त्यांनी लिहिलं, चाऱ्याचा स्रोत अनिश्चित.

मग घराकडे आले आणि दारातच थांबले. भिंतीशी टमरेल. लाल तिकोण उन्हात लखलखत होता, सात वेळा घासल्यामुळे जरा जास्तच.

"हे काय आहे?"

"परसाकडचा डबा," साखराबाई म्हणाली. "बद्रीभाऊंनी वाटलेत. समद्या आळीत हायेत."

केदारनाथनी मागं वळून बद्रीनाथकडे पाहिलं. गटातलं एक घर खोटं निघालं तर सगळा गट अडचणीत येतो, हे बद्रीनाथला ठाऊक होतं. त्यानं निमिषभरही वेळ लावला नाही, केदारनाथांच्या कानाशी लागून हळूच म्हणाला, "सायेब, गरीब बाई हाय, चोरून मारली असंल एखादी फवारणी. हिचं एकटीचं नाव कमी करा. मी गटप्रमुख म्हणून सही देतो."

आणि केदारनाथनी साखराबाईच्या नावापुढं ओळ लिहिली. शेतात विषारी औषधाचा वापर आढळला. खाली बद्रीनाथची वळणदार सही. आंधळा बंकट दहा हातांवर खाटेवर बसलेला होता, हात थरथरत होते. पण तो फॉर्ममध्ये कुठं बसत नसल्यामुळे तपासनिसाला दिसला नाही. बद्रीनाथच्या स्वतःच्या पानावर, शेजारच्या रानातून विषाचा धोका आहे काय या प्रश्नापुढं 'नाही' लिहिलं गेलं, आणि तेवढं मात्र अक्षरशः खरं होतं. त्याच्या शेजारी साखराबाईचं रान होतं.

जीभ असलेली ही बाई त्या दिवशी गप्प का बसली? तिनं संध्याकाळी बद्रीनाथला गाठलं होतं. म्हणाली, "बद्रीभाऊ, कापूस घेऊ नका माझा, पर तेवढी ओळ खोडा. डबा तुमचा हाय म्हणून सांगा."

तो हात जोडून म्हणाला, "वैनी, एका डब्यापायी तीस घरांचं वाटुळं करता का? त्यात सुंदरबाईचंबी हाय, ती लेकराबाळांची हाय."

सुंदरबाई तिची शेजारीण, पाठच्या बहिणीसारखी. बद्रीनाथला कुणाची कणव येते तेव्हा ती नेमकी कामाच्या जागी येते. साखराबाई परत फिरली. कंपनीच्या पुण्याच्या कचेरीत तिनं निरोप धाडला, तर तिथल्या कारकुनाचं उत्तर आलं की अपील करता येईल, इंग्रजीत, तीस दिवसांत. बंकटला तिनं एवढंच सांगितलं की नाव लागलं. आठ वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा खोटं बोलली आणि तो पुन्हा तसाच हसला, ते हसणं तिला बघवेना. कापूस तिनं नेहमीसारखा व्यापाऱ्याला घातला. तिथं तो तिच्यादेखत फवारलेल्या कापसाच्या ढिगात मिसळला.

पुढच्या हंगामात वेचणीच्या तोंडावर प्रणिता धावतच दारी आली. हातात एक नवी चिठ्ठी, गुळगुळीत कागदाची. तीवर साखराबाईचा फोटो! मागच्या साली वेचणीच्या वेळी काढलेला, ओटीत कापूस, कपाळावर कुंकू.

"मावशी, तुम्ही परदेशात गेलात! दहा हजार झबल्यांवर आहात तुम्ही."

"काय लिवलंय?"

प्रणितानं वाचलं, "या कापडात विष नाही. हिच्या रानात ते कधी पडलंच नाही."

साखराबाईनं चिठ्ठी हातात घेऊन स्वतःच्याच तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. "कापूस बद्रीचा, अन् थोबाड माझं," ती म्हणाली. "अन् तुमच्या सायबाच्या वहीत मी इख मारणारी. पोरी, दोन्हीतलं खरं कोणचं, त्ये तरी ठरवा."

प्रणिताला हे ठाऊक नव्हतं. फोटोचं काम एका टेबलावर होतं आणि वहीचं दुसऱ्या. तिचा चेहरा उतरला, डोळ्यांत पाणी आलं. रडून काही खोडलं जात नाही, हे साखराबाईनं तिला सांगितलं नाही. चहा दिला.

चारच दिवसांत बद्रीनाथ दारात हजर. हातात नवी साडी. परदेशातला मोठा गिऱ्हाईक साहेब वाडीला येणार होता आणि त्याला चिठ्ठीवरची बाई भेटायला हवी होती.

"वैनी, काय बोलायचं न्हाई. निस्तं हुबं ऱ्हायचं अन् हसायचं."

"ओळ खोडता?"

"त्ये काय माझ्या हातात हाय का?"

"लिवायला हात व्हता की तुमचा." मग तिनं साडी परत केली आणि म्हणाली, "येते मी. माझ्याच लुगड्यात येते."

बद्रीनाथ खूष होऊन गेला. त्या दुपारी साखराबाई सुंदरबाईच्या घरी गेली, आणि तिथून दोघी मिळून आळीभर.

साहेब आला. उंच, तांबूस, घामाघूम, टिपकागदासारखा गोरा. बद्रीनाथच्या ओसरीवर रांगोळी, नारळ, खुर्च्या. तपासनीस केदारनाथही तपासणीसाठी त्याच दिवशी आलेले. बद्रीनाथ फेटा बांधून मातीची सेवा, काळी आई असलं काहीबाही बोलत होता. तेवढ्यात खालच्या आळीकडून बायांची रांग आली. पुढं साखराबाई, मागं सुंदरबाई, मागं आणखी पंचवीस-तीस जणी. प्रत्येकीच्या हातात डबा होता, पदरानं झाकलेला.

साखराबाई सरळ बद्रीनाथपुढं आली आणि पदर बाजूला करून डबा त्याच्या पायाशी ठेवला. लाल तिकोण, कवटी. आत गच्च भरलेला पांढराशुभ्र कापूस.

"बद्रीभाऊ, तुमचं भांडं. रिकामं कसं परत द्यावं, म्हणून रानातला कापूस घातलाय."

आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. चिमूटभर साखर तरी त्यात घालतात. तेव्हा तिच्या वागण्यात खोट काढायला कुणाला जागाच नव्हती. सुंदरबाईनं आपला डबा ठेवला, त्यात मूठभर तूर. तिच्या मागच्या बाईनं जवारी. डबे ओळीनं लागत गेले, आणि बद्रीनाथचा चेहरा फेट्यातून खाली घसरल्यागत झाला. नको म्हणावं तर साहेबापुढं रीत मोडते, घ्यावे तर डबे आपलेच ठरतात. साहेबाला वाटलं, केवढी सुंदर रीत! त्यानं धडाधड फोटो काढले. साहेबाला समजावून सांगायचं सोडून प्रणिता केदारनाथांकडे बघत राहिली. केदारनाथ वाकून एकेक डबा बघत होते.

"हे कुणाचे?" त्यांनी विचारलं.

"बद्रीभाऊंचे," आळी एका आवाजात म्हणाली. सुंदरबाईचा आवाज सगळ्यात मोठा होता. आपलंही नाव जाईल हे तिला ठाऊक होतं, तरीही.

आता तुम्हाला वाटेल, बद्रीनाथचं सर्टिफिकेट गेलं. कसलं जातंय! तो क्षणात सावरला. गावातले घातक डबे गोळा करून त्यांची नीट विल्हेवाट लावायची मोहीम गटानं हाती घेतली आहे, असं त्यानं भाषणात जोडून टाकलं. साहेबानं टाळ्या वाजवल्या. महिलांचा सहभाग म्हणून अहवालात त्याचं वेगळं कौतुक छापून आलं, डब्यांच्या फोटोसकट. असल्या माणसाला बुडवायला पाणी कमीच पडतं.

पण केदारनाथांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. साहेबाची गाडी गेल्यावर ते एकटेच, चालत, साखराबाईच्या दारी आले. जुना फॉर्म काढला, खाटेशेजारच्या दगडावर टेकले. "बाई, माझी चूक झाली. ही ओळ मी खोडतो. खोडण्याआधी वाचून दाखवावी लागते." साखराबाई नको-नको म्हणून हात करत होती, पण नियम म्हणजे नियम. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "शेतात विषारी औषधाचा वापर आढळला." आणि तिच्यावर दोन रेघा ओढून बाजूला सही केली.

खाटेवरचा बंकट ताठ झाला. "काय म्हणले सायेब? हिच्या नावावर? कवाधरनं?"

"वर्ष झालं," साखराबाई म्हणाली. "तुमाला सांगिटलं न्हाई म्या."

 बंकटनं साहेबांचा आवाज आला होता तिकडे तोंड वळवलं.

"सायेब, इख म्या मारलंय. हिनं न्हाई. भूकंपाच्या साली, पोळ्याच्या पुढं, बद्रीनाथच्या रानात. उघड्या अंगानं. तिसऱ्या चिठ्ठीत मजुराचं असतं म्हणं, ही सांगत व्हती. तिथं लिवा. मी अंगठा देतो."

केदारनाथनी चष्मा लावला आणि फॉर्म उलगडला. पहिलं पान, दुसरं पान. जमिनीचं होतं, बियाण्याचं होतं, मेंढ्यांच्या चाऱ्याचंसुद्धा होतं. मजुरांच्या पानावर फक्त चालू वर्षाचं विचारलेलं होतं. तरी ते शेवटच्या पानापर्यंत गेले आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले.  बंकटचा अंगठा तसाच पुढं केलेला होता, थरथरत, कुणीतरी शाई लावेल म्हणून.